फिल्टर बसवला खरा, पण धुणार कोण?

मागच्या अंकात बोरच्या पाण्यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग लागला. निम्म्याहून जास्त पत्रांचं रडगाणं एकच, घरात नाहीतर धंद्याच्या जागी ती उभी निळी टाकी बसवली, तिच्यात काहीतरी भरलंय, पैसे गेले आणि पाणी होतं तसंच. त्या टाकीत जे भरतात त्याला आमच्या लाईनीत मीडिया म्हणतात, टीव्हीवाला नाही, हा वेगळा. वाळू, कोळसा, रेझिन, मँगनीजचे काळे दाणे, अॅल्युमिनाच्या पांढऱ्या गोळ्या, ह्यातलं काहीपण. प्रत्येकाची भूक वेगळी असते. वाळू गाळ खाते, कोळसा वास आणि क्लोरीन खातो, रेझिन जडपणा खातं, आणि एकाचं ताट दुसऱ्यापुढं ठेवलं तर तो तोंड पण लावत नाही. बरीच पत्रं "नाव छापू नका" म्हणून आलीत, म्हणून कुणाचंच छापलं नाही, गाव तेवढं ठेवलंय.

सर, आम्ही औसा रोडला घर बांधलं, बोर साडेपाचशे फूट. दीड वर्षात गिझरची कॉईल दोनदा गेली, तोट्या पांढऱ्याफटक, केस राठ झालेत, तुरीची डाळ सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली येतो. दुकानदारानं एक वाळूची आणि एक कार्बनची अशा दोन टाक्या बसवल्या, ४२ हजार घेतले. फरक शून्य. आम्हाला फसवलं का? (गृहिणी, लातूर)

ताई, वाळू आणि कोळसा दोघं पण इमानदारीत उभेत, फक्त तुमच्या पाण्यात त्यांनी खावं असं काही नाही. तुमचं दुखणं जडपणाचं, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि ते पाण्यात तरंगत नसतं, विरघळलेलं असतं. साखरेचं पाणी कितीही बारीक वाळूतून गाळा, गोडच लागणार, तसंच हे. आपला बहुतेक मराठवाडा काळ्या कातळावर बसलेला, त्याच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी आपण मोटारीनं ओढतो, ते दगडातलं जे मिळंल ते घेऊन वर येतं. मला २०१६ आठवतं, मांजरा धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा सगळं गाव बघायला गेलतं. त्यातलं पाणी टँकरनं आमच्या गल्लीत आल्यावर आमची आई कुकर उघडून म्हणाली, "ह्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी शिजली बघ." नदीचं पाणी होतं ते, बोरचं नाही, एवढाच फरक.

आता मला सांगा, त्या दुकानदारानं पाणी तपासलं का? माझा अंदाज, टीडीएसचं पेन बुडवून आकडा दाखवला असंल. ते पेन एकूण क्षार किती ते सांगतं, त्यातला जडपणा किती, फ्लोराइड किती, नायट्रेट किती, काही सांगत नाही. आणि दोन सळया पाण्यात बुडवून करंट सोडून पाणी तांबडं-काळं करून दाखवणारे जे येतात त्यांना तर चहा पाजून दारातनंच वाटंला लावा, तो रंग पाण्याचा नसतो, त्यांच्या लोखंडी सळईचाच गंज असतो तो. जडपणाची थेंब टाकायची छोटी किट मिळते, पाणी जड असलं की गुलाबी, मऊ झालं की निळं. नाहीतर सरळ जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणच्या लॅबला बाटली द्या. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात जडपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा सोर्सच नसंल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, हे आकडे लिटरला मिलिग्रॅमचे, दुकानदार त्यालाच पीपीएम म्हणतो.

तुम्हाला लागतं ते सॉफ्टनर. त्यातल्या रेझिनच्या मण्यांवर सोडियम बसवलेलं असतं, जड पाणी आलं की मणी कॅल्शियम धरतो आणि सोडियम सोडतो. सगळे मणी कॅल्शियमनं भरले की काम बंद, मग मिठाचं दाट पाणी सोडून त्यांना परत सोडियम खाऊ घालायचं, ह्याला रिजनरेशन म्हणतात. आणि इथं हिशोब करा, कारण हा हिशोब दुकानात कुणी सांगत नाही. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं. २५ लिटरची टाकी घेतली तर १२५० ग्रॅम. तुमचा जडपणा ६०० धरू, म्हणजे दोन हजार लिटर पाणी मऊ झालं की टाकी दमली. पाच माणसांचं घर, दिवसाला सहाशे लिटर, म्हणजे दर तिसऱ्या दिवशी मीठ लावायचं आणि दरवेळी तीन-साडेतीन किलो. महिन्याला ३५ किलो मीठ, ताई! बरं मीठ आणणं तर सोडा, रविवारी सकाळी ते हँडल फिरवून तासभर कोण उभं राहणार, हे भांडण आधीच मिटवून घ्या. माझं म्हणणं, सगळ्या घराला सॉफ्टनर लावूच नका. गिझर आणि वॉशिंग मशीनची लाईन वेगळी काढून तेवढीच मऊ करा, संडास, अंगण, गाड्या धुणं बोरच्या थेट पाण्यावर. मीठ एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, मऊ पाणी प्यायला ठेवू नका. ६०० चा जडपणा काढला की लिटरमागं पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम त्यात जातं, घरात बीपीचं माणूस असंल तर नकोच. टीडीएस पण कमी होत नाही, हे लक्षात असू द्या, लोक सॉफ्टनर लावून पेन बुडवतात आणि भांडायला येतात. प्यायला छोटा आरओ लावा, डाळ पण त्याच पाण्यात शिजवा. दुसरं, मीठ लावल्यावर जे खारं पाणी बाहेर पडतं ते जास्वंदीला, कढीपत्त्याला घालू नका, सोडियमनं आपली काळी जमीन चिकट-घट्ट होते आणि पाणी पीत नाही.

आणि ४२ हजार पाण्यात नाही गेले. वाळूची टाकी राहू द्या, बोरची माती रेझिनवर जाण्याआधी अडवायला ती पाहिजेच. कार्बनच्या टाकीतला कोळसा काढा, तीच टाकी रेझिनला चालते, फक्त वरचा व्हॉल्व्ह बदलावा लागंल कारण साध्या व्हॉल्व्हला मिठाचं पाणी ओढायची सोय नसते, आणि मिठाची एक बादली-टाकी. दुकानदाराला हे सांगा, बघा काय म्हणतो. मी असतो तर वर फार तर रेझिन, व्हॉल्व्ह आणि मिठाच्या टाकीचे पैसे घेतले असते.

भाऊ, हायवेला ढाबा आहे. बोरचं पाणी काढलं की काचंसारखं, ड्रममध्ये दोन तास ठेवलं की पिवळं पडतं, वर तेलासारखी साय. चहा काळा दिसतो, गिऱ्हाईक म्हणतं चहात काय टाकलं. पांढरे टेबलक्लॉथ गेले. बोरवाला म्हणतो वाळूचा फिल्टर लाव. (ढाबेवाले, जालना)

लोखंड आहे भाऊ. आणि तुम्ही निदान स्वतःच लिहून पाठवलंय, काढलं की साफ आणि ठेवलं की पिवळं. जमिनीखाली हवा नाही, तिथं लोखंड विरघळलेलं राहतं, वर हवा लागली की त्याचा गंज होतो आणि मग तो तरंगतो, बसतो, कपड्याला धरतो. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्याला डाग पडायला सुरुवात. चहाचं पण तेच, चहापत्तीतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आलं की शाई होते, जुन्या काळी हिरडा आणि लोखंडाचा कीस घालून शाई करायचे ती हीच. तरी एकदा खात्री करा. काचेचा ग्लास बोरच्या तोंडाशीच भरा, टाकीतला नको. भरतानाच तांबडं असंल तर तो तुमच्या केसिंगचा नाहीतर जुन्या जीआय पाईपचा गंज आहे, पाईप बदला, फिल्टर कशाला. साफ भरून नंतर पिवळं पडलं तरच पुढचं वाचा.

बोरवाल्याचं अर्धं बरोबर आहे. गंज झालेलं लोखंड वाळू धरते, पण विरघळलेलं लोखंड वाळूतनं सरळ निघून जातं आणि फिल्टरच्या पुढं, तुमच्या ड्रममध्ये जाऊन पिवळं पडतं. म्हणून आधी हवा द्या. वरच्या टाकीत पाणी पडताना पाईपाला भोकं पाडून झाऱ्यासारखं उंचावरनं पाडा, खाली तासभर थांबू द्या, मग फिल्टर. ढाब्याला जागा असते, ही सोय सगळ्यात स्वस्त. जागा नसंल तर मँगनीज डायऑक्साइडचा मीडिया, काळे जड दाणे, त्याच्या अंगाला लागून लोखंडाचा गंज तिथंच होतो आणि तिथंच अडकतो. पाणी आंबट नको, म्हणजे त्याचा पीएच सातच्या वर पाहिजे, आपल्याकडच्या कातळातल्या बोरला तो बहुतेक असतोच.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुमची टळंल. पंधराएक वर्षांपूर्वी एका खाणावळीला असाच आयर्न फिल्टर बसवला, तोवर मी वाळूचेच बसवलेले, तीच पद्धत, तीच एक एचपीची मोटार. महिनाभर पाणी मोत्यासारखं, मालक माझी तारीफ करून दमंना. दुसऱ्या महिन्यात फोन, पाणी आधीपेक्षा लाल. टाकी उघडली तर आत काळ्या दाण्यांचं ढेकूळ, हातोडीनं फोडावं लागलं. झालं काय, हा मीडिया वाळूच्या दीडपट जड, त्याला धुताना खालून तसंच जोराचं पाणी पाहिजे की दाणे उचलून एकमेकांवर घासले पाहिजेत, माझ्या मोटारीत तो दमच नव्हता. दाणे जागचे हलले नाहीत, लोखंड साचत गेलं. सगळा मीडिया फेकला, पदरचे पैसे घालून नवीन भरला आणि मोठी मोटार दिली. तेव्हापासून मीडिया विचारायच्या आधी मी मोटार विचारतो. तुम्ही पण विकणाऱ्याला हेच विचारा, "धुवायला तासाला किती लिटर लागंल आणि माझी मोटार किती देते?" त्याला आकडा सांगता आला नाही तर उठून या.

आमची ४० फ्लॅटची सोसायटी आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, म्हणून टँकर पण घ्यावे लागतात. पावसाळ्यात टँकरचं पाणी चहासारखं येतं. दोन वर्षांपूर्वी दोन फुटी सँड फिल्टर बसवला, पहिलं वर्ष छान गेलं, आता फिल्टरच्या आधीचं पाणी बरं दिसतं आणि नंतरचं गढूळ! कंपनीचा माणूस म्हणतो वाळू बदला, २८ हजार. (चेअरमन, छत्रपती संभाजीनगर)

साहेब, वाळू बदलायच्या आधी वॉचमनला विचारा की शेवटचा बॅकवॉश, म्हणजे खालनं उलटं पाणी सोडून वाळू धुणं, कधी केला. मी पैज लावतो, त्याला बॅकवॉश म्हणजे काय हेच माहीत नसणार, आणि त्यात त्या बिचाऱ्याची चूक नाही, कुणी सांगितलंच नसंल.

वाळूचा फिल्टर म्हणजे चहाची गाळणी धरा. वरनं पाणी येतं, गाळ वाळूच्या वरच्या थरात अडकतो, पाणी खालनं जातं. गाळणीतला चोथा झटकलाच नाही तर पुढचा चहा कुठनं जाणार? तो कडेनं वाट काढतो. तुमच्या टाकीत तेच झालंय, माती आणि वाळूचे गोळे झाले, मधी भेगा पडल्या, पाणी त्या भेगांतनं सुसाट खाली, आणि जाताजाता दोन वर्षांचा जुना गाळ घेऊन. म्हणून नंतरचं पाणी आधीच्यापेक्षा घाण.

धुवायचं कसं ते लिहितो, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पंपरूमला चिकटवा. मोटार बंद करा. हो, आधी बंद, चालू मोटारीत हँडल फिरवलं की व्हॉल्व्हच्या आतलं गॅस्केट जातं आणि मग सर्व्हिसचं, म्हणजे रोज गाळताना येणारं, पाणी गुपचूप ड्रेनला जात राहतं. हँडल बॅकवॉशवर, मोटार चालू, आता पाणी खालनं वर जाईल, वाळू फुगंल, ड्रेनच्या पारदर्शक नळीतनं काळं पाणी दिसंल. ते साफ दिसेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. परत मोटार बंद, हँडल रिन्सवर, दोन-तीन मिनिटं, मग बंद करून सर्व्हिसवर. कधी करायचं? फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन प्रेशर गेज लावा, दोन्हींत अर्ध्या किलोचा फरक पडला की करा. गेज नसतील तर पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्यातनं दोनदा.

पण थांबा, मोटारीचा हिशोब इथं पण आहे. तुमच्या दोन फुटी टाकीतनं गाळताना तासाला साडेतीन हजार लिटर जावं हे ठीक, चाळीस घरांचं दिवसाचं पाणी सात-आठ तासांत निघतं. धुताना मात्र तिला साडेआठ हजारांच्या आसपास पाहिजे, अडीचपट! मोटार निवडली गाळायच्या हिशोबानं, मग वाळू फुगणार कशी. पंपरूमला स्टँडबाय मोटार असतेच, बॅकवॉशला दोन्ही एकदम चालू करा, नवीन काही घ्यायची गरज नाही. आणि टाकीत वाळूच्या वर किमान निम्म्या थराएवढी मोकळी जागा पाहिजे, काठोकाठ भरली तर फुगलेली वाळू ड्रेननं गटारात जाईल. कंपनीवाले कधीकधी "जास्त वाळू म्हणजे जास्त गाळण" म्हणून ठासून भरतात, तसं नसतं.

बॅकवॉशला दीड-दोन हजार लिटर जातं म्हणून कमिटीत कुणीतरी ओरडणार, चार दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ओरडावंच. ते पाणी वाया घालवू नका, एका खड्ड्यात नाहीतर जुन्या टाकीत सोडा, गाळ बसला की झाडांना घाला. ह्यात मीठ नाही, निव्वळ माती आहे, झाडं खूश.

आणि टँकरच्या पाण्याचा तो चहासारखा रंग. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की रात्रभर ठेवलं तरी बसत नाहीत आणि वाळूतनं आरामात सटकतात. त्यांना एकत्र करावं लागतं, ते काम तुरटीचं. टँकर संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, खाली होतानाच धारेत तुरटीचं पाणी सोडा, हजार लिटरला ३० ते ५० ग्रॅम, गढूळपणा बघून, आणि दोन-तीन तास मोटार लावू नका. वरचं निवळ फिल्टरला घ्या. आपल्या आज्या घागरीत तुरटीचा खडा फिरवायच्या आणि मग फडक्यानं गाळायच्या, मोठ्या शहराच्या प्लांटवर पण आधी तुरटीसारखंच औषध आणि मग वाळू, तुम्ही पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारली एवढंच.

आधी तीन-चार दिवस रोज दोन मोटारींनी दणकून धुवा. तरी सुधारलं नाही तर झाकण उघडून वरची वीतभर वाळू हातानं काढून बघा, गोळे असतील तर तेवढीच बदला. पूर्ण वाळू बदलायची झाली तर २८ हजारांत काय देतो ते लेखी घ्या. बांधकामाची गोदावरीची वाळू धुऊन भरणारे मी पाहिलेत. तिच्यात बारीक-जाड सगळं मिसळलेलं, माती, शिंपल्याचे तुकडे. फिल्टरची वाळू एकसारख्या दाण्याची लागते, अर्धा ते एक मिलिमीटर, खाली गारगोटीचे थर चढत्या मापाचे.

मोसंबीच्या ड्रिपचा सँड फिल्टर पडून आहे, बाग काढली. तो घरच्या पाण्याला लावला तर? (शेतकरी, अंबड)

मामा, बाग काढली वाचून वाईट वाटलं. तो फिल्टर शेततळ्यातलं शेवाळ अडवायला केलेला, जंतूंचं त्याला काही घेणंदेणं नाही. शिवाय त्यातनं इतकी वर्षं खत, अॅसिड गेलंय. जनावरांच्या हौदाला, धुण्याभांड्याला लावा, तो पण वाळू बदलूनच. प्यायला नको.

आमच्या वाडीवर लहान पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, म्हाताऱ्यांचे गुडघे-कंबर आखडलेत. हापशाच्या पाण्यात फ्लोराइड २.८ निघालं. बचतगटाच्या बायका म्हणतात पाणी उकळून पिऊ. एकजण कार्बनचा फिल्टर विकायला आला होता. काय करावं? (अंगणवाडीताई, किनवट)

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं, उकळू नका. उकळलं की वाफ जाते आणि फ्लोराइड मागं राहतं, म्हणजे कमी पाण्यात तेवढंच, उलट वाढतं. जंतूंसाठी उकळणं बरोबर, ह्याच्यासाठी घातक. कार्बनवाल्याला परत पाठवा, वाळूवाल्याला पण. मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा सोर्स नसंल तर १.५ पर्यंत, तुमचं २.८.

नांदेडच्या पूर्वेकडं आपला काळा कातळ संपतो आणि ग्रॅनाइटचा जुना दगड लागतो, त्याच्यात फ्लोराइडचे खनिज असतात. बोर जितकी खोल आणि पाणी जितकं जुनं तितकं फ्लोराइड जास्त भेटायची शक्यता. म्हणून माझं पहिलं उत्तर फिल्टर नाहीच. वाडीत उथळ जुनी विहीर आहे का? नाल्याजवळची? तिचं पाणी तपासा, पुष्कळदा तिथं फ्लोराइड कमी निघतं. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवता येतं, त्यात फ्लोराइड जवळपास नसतंच. ग्रामपंचायतीत पाणी तपासायचं फील्ड किट असंल, नसंल तर मागा, आणि बायकांनीच शिकून घ्या. एका वाडीत दोन हापशांच्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक मी पाहिलाय. चांगल्या हापशाला निळा रंग, वाईटाला लाल, लिहितावाचता न येणाऱ्याला पण कळतं.

सोर्स बदलणं शक्यच नसंल तर मीडिया म्हणून अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिना. पांढरे दाणे, फ्लोराइड धरतात. पण हा मीडिया नखरेल आहे, पीएच साडेपाच-सहाच्या आसपास असला की झकास धरतो, आपल्या बोरचं पाणी साडेसात-आठचं, तिथं त्याची ताकद बरीच उतरते, म्हणून विकणारा सांगतो त्याच्या निम्मेच दिवस धरून चला. भरला की कॉस्टिक सोड्यानं धुवायचा, मग अॅसिडनं ताळ्यावर आणायचा. कॉस्टिक अंगावर उडालं तर कातडी जाते, हे काम वाडीवर कोण करणार? मी बंद पडलेले प्लांट बघितलेत, यंत्र चांगलंच होतं, धुणारं माणूस नव्हतं. म्हणून घरोघरी छोटी अॅल्युमिनाची बादली-फिल्टर, आणि दाणे भरले की धुवायला एका जागी गोळा करून देणं, हे जमंल असं वाटतं. ते पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला, माणशी पाच-सहा लिटर, आंघोळीला हापशाचं चालतं. दुसरा उपाय नीरीचा, म्हणजे नागपूरच्या संस्थेचा, त्याला नालगोंडा पद्धत म्हणतात, चुना आणि तुरटी घालून ढवळायचं, निवळू द्यायचं, वरचं पाणी घ्यायचं. स्वस्त आहे, पण माप पाण्याप्रमाणं बदलतं, अंदाजानं तुरटी घालू नका, लॅबकडनं तुमच्या हापशाचं माप काढून घ्या. आरओ पण फ्लोराइड काढतो, पण अर्ध्याहून जास्त पाणी फेकतो आणि वीज लागते, तुमच्याकडं लाईट किती असते ते तुम्हालाच माहीत.

पोरांच्या दातांचे पट्टे फिल्टरनं जाणार नाहीत, दात हिरडीत तयार होतानाच ते पडतात. त्यामुळं आधी पाणी मिळू द्या गरोदर बायकांना आणि सात-आठ वर्षांच्या आतल्या पोरांना, अजून त्यांचे दात व्हायचेत.

थोडक्यात काही:

*कार्बन किती दिवस टिकतो? (परभणी)* घरात वर्ष-दीड वर्ष. धुतल्यानं गाळ जातो, पण कोळशाची भूक परत येत नाही. नळाच्या पाण्याचा क्लोरीनचा वास फिल्टरनंतर पण यायला लागला की तो संपला.

*माठात वाळू-कोळसा घालून गाळलं तर? (हिंगोली)* गढूळपणा जातो, वास जातो. जंतू पूर्ण जात नाहीत, खाली क्लोरीनचा थेंब टाका नाहीतर उकळा. चुलीतला कोळसा आणि अॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे टाकीत भरतात तो अंगभर बारीक भोकांचा कोळसा, एकच नव्हे, चुलीतल्यात तशी भोकं नसतात.

*शेवग्याच्या बियांनी पाणी निवळतं म्हणतात, खरं का? (धाराशिव)* खरंय. पिकलेल्या वाळलेल्या बियांची पूड तुरटीसारखी गाळ खाली बसवते. पण ते पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, बियांचा अंश राहतो, वास धरतं.

आमचं मंगल कार्यालय आहे. वाळू, कार्बन आणि सॉफ्टनर तिन्ही आहे. पावसाळ्यात चार महिने बंद असतं, तुळशीच्या लग्नानंतर चालू केलं की पाण्याला कुजका वास मारतो, मागच्या वर्षी वऱ्हाडी लई बोलले. (अंबाजोगाई)

तुमचा कोळसा कुजलाय. कोळसा क्लोरीन खातो, म्हणजे त्याच्या पुढं जंतूंना अडवणारं कुणीच नाही, त्यात कोळशाच्या भोकांत त्यांना घर, खायला अडकलेला कचरा, वर चार महिने पाणी जागचं हललं नाही. त्यांची पण लग्नं झाली तिथं.

हंगाम संपला की बंद करायच्या दिवशी तिन्ही टाक्या बॅकवॉश करा, सॉफ्टनरला मीठ लावून मिठाच्या पाण्यातच ठेवा, रेझिन सडत नाही आणि वाळत पण नाही, रेझिन कोरडं पडलं तर मणी तडकतात म्हणून त्याची टाकी रिकामी करू नका. कार्बनच्या टाकीतलं पाणी मात्र पूर्ण काढून टाका. ह्यावेळी वास आलाच असंल तर कोळसा धुऊन वेळ घालवू नका, बदला. कार्बनच्या पुढच्या साठवण टाकीत ब्लिचिंग नाहीतर क्लोरीनचं औषध सुरू करा, नळाला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तरी उरलं पाहिजे, ते किटनं कळतं. आणि साठवण टाकी पण आतनं घासून घ्या, वास निम्मा तिथला असतो.

नवीन कोळसा टाकला की रात्रभर पाण्यात भिजू द्या, मग बॅकवॉश, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत, कधीकधी अर्धा तास लागतो. सुरुवातीला हळू सोडा, कोळसा हलका असतो, दोन मोटारींचा दणका दिला तर निम्मा ड्रेनला जाईल. हे एवढं बारकाईनं लिहितोय कारण माझ्या माणसानं एका कार्यालयात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कार्बन बदलला, घाईत न धुताच सर्व्हिसवर टाकून घरी गेला. सकाळी नवरीला हळद लावून आंघोळीला बसवली आणि शॉवरमधनं शाई. नवरीची मावशी मला फोनवर जे बोलली ते इथं छापता येत नाही. तुमचं पहिलं लग्न ज्या तारखेला असंल त्याच्या चार दिवस आधी कोळसा भरा, आणि शेवटच्या दिवशी स्वतः एक बादली भरून बघा.